फाडायचं नाही, झाकायचं

मी अक्षरं शिकलो ती पत्रकांवर. वडील नगरच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि आपले विचार दुसरं कोणी छापत नाही म्हणून स्वतःच पत्रकं लिहून काढायचे. आमच्या फडताळात पत्रकं अंथरलेली, शाळेच्या पुस्तकांना कव्हरं पत्रकांची, आणि माझ्या डब्यातल्या भाकरीवर अंधश्रद्धेविरुद्धचा मजकूर उलटा उमटलेला. वाक्य संपलं की उद्गारचिन्ह येतंच, असं मला चौथीपर्यंत वाटत होतं. अजूनही थोडंसं वाटतं.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. पहाटे त्यांच्याबरोबर भिंती रंगवायला नाही, भिंतींवर पत्रकं चिकटवायला जायचो. गव्हाच्या पिठाची खळ बादलीत आणि बादली सायकलच्या हँडलला. दादांचा भिंतीचा कायदा एकच. दुसऱ्याचा कागद फाडायचा नाही. बुवाचा असो, बंगाली जादूवाल्याचा असो, त्याच्यावर आपला चिकटवायचा. "फाडलं की भांडन व्हतं," ते म्हणायचे, "झाकलं की वाचन व्हतं."

हा कायदा पुढे मी कॉम्प्युटरला लावला. त्याला कारण माझी ताई.

ताई शाळेत शिकवायची. तिचं एका मुलाशी जमलं होतं. मुलगा पाथर्डीकडचा, दिवाळी झाली की कोयते घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जाणाऱ्या घरातला, शिकून पुण्यात नोकरीला लागलेला. ते हिंदू, आम्ही बौद्ध. मुलीनं जोडीदार स्वतः निवडावा यावर दादांनी पत्रक काढलं होतं, ते लोकांनी मागून नेलं होतं. पण पत्रक वाटायला माणूस घराबाहेर पडतो. ते उंबऱ्याच्या आत किती लागू होतं, हे ताईला ठाऊक नव्हतं. तिचा हट्ट एवढाच होता, की दादांना ही गोष्ट तिच्या तोंडून कळावी, गावाच्या तोंडून नाही. धाडस गोळा करायला तिला थोडा अवकाश हवा होता.

टपालानं पत्रं आली तर आधी दादांच्याच हातात पडणार. म्हणून ई-मेल. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या भागात इंटरनेट एकाच ठिकाणी होतं, ते म्हणजे दादांच्या मित्राकडे.

या काकांचा आधी एसटीडी बूथ होता. काचेच्या केबिनमध्ये माणूस बोलायचा आणि बाहेर मीटरशेजारी काका दुसरा रिसीव्हर कानाला लावून, मान खाली घालून ऐकायचे. कोणाची सोयरीक मोडली, कोणाची बदली झाली, सगळं त्यांना आधी कळायचं. बूथच्या जागी सायबर कॅफे केला तेव्हा त्यांनी केबिन कोपऱ्यात तशीच ठेवली आणि कॉम्प्युटर असे मांडले, की सगळ्या पडद्यांची तोंडं त्यांच्या खुर्चीकडे. हातात पिवळं फडकं. धूळ पुसायच्या निमित्तानं ते पाठीमागे येऊन उभे राहायचे.

एक मात्र बरं होतं. काकांना मनात वाचता येत नसे. आणि त्या काळी मराठी पत्र इंग्रजी अक्षरांत लिहावं लागे, त्यामुळे त्यांचं वाचन बैलगाडीनं चालायचं.

पहिल्याच दिवशी घात झाला. ताईनं पत्र उघडलं आणि पडद्याच्या वरच्या अंगाला जाहिरातीची पट्टी लाल-पिवळी उघडझाप करू लागली. अभिनंदन, तुम्ही मोटार जिंकलात, असा तिचा इंग्रजी मजकूर. काका धावत आले.

"अगं पोरी, गाडी लागली तुला! या रे, बघा!"

शेजारी बसलेले, झेरॉक्सला आलेले, रस्त्यावरचा भेळवाला, सगळे गोळा झाले. गाडी पाहून झाल्यावर काकांची नजर पट्टीखाली उतरली.

"टी-यू, तू. जी-एच-ए-आर-आय, घरी. तू घरी... कधी... सांगनार?"

ताईनं पडद्यावर ओढणी टाकली. मी म्हणालो, "काका, पथनाट्य आहे. संवाद पाठवलेत पुण्याच्या मंडळींनी."

"कोन कोनाला सांगतंय?"

"मुलगी. बापाला."

"काय सांगतीया?"

"ते पुढच्या अंकात आहे."

त्यानंतर काका दर खेपेला विचारायचे, "आला का पुढचा अंक?" आमचा पथनाट्याचा एक गट होता खरा, पण त्याचा प्रत्येक शब्द दादा स्वतः लिहीत. काकांनी एकदा जरी त्यांच्याकडे नाटकाचा विषय काढला असता, तरी संपलंच होतं.

मी विचार केला आणि मूळ शत्रू ओळखला. काका नव्हेत, जाहिरात! तीच गर्दी जमवत होती. तसाही माझा संताप होताच. माझ्या बहिणीच्या पत्राच्या डोक्यावर कोण कुठला व्यापारी दिवे लावून बसतो? त्याला परवानगी दिली कोणी? आम्ही भिंतीवर चिकटवायचो तेव्हा निदान घरमालकाला विचारायचो!

कॉलेजातल्या एका मित्रानं उपाय सांगितला, की सेटिंगमध्ये जाऊन चित्रंच बंद करून टाक. मी केलं. पट्टी गेली, पान झरझर उघडू लागलं. फक्त ती सेटिंग परत बदलायची राहिली. माझ्यानंतर बसलेल्यानं सिनेनट्यांचे फोटो मागवले, तर एकेका नटीच्या जागी रिकामी चौकट आणि लाल फुली. दुपारपर्यंत कॅफेत हाहाकार. व्हायरस आला म्हणून काकांनी मेकॅनिकला बोलावलं, आणि दुसऱ्या दिवशी दाराशी पाटी लागली: सेटिंगला हात लावणाऱ्यास बाहेर काढण्यात येईल.

मग दादांचा कायदा आठवला. फाडता येत नाही ना? झाकू.

घरातून डबीभर खळ घेतली. पट्टीच्या मापाचा कागद शोधताना एका पत्रकाचा मथळा बरोबर बसला: "जोडीदार निवडण्याचा हक्क मुलीचाच!" मी फक्त रुंदी पाहिली होती. बरं, मजकूर पाहिला असता तरी तोच घेतला असता. ताई म्हणाली, "अरे, भिंत आहे का ती?" पण काका चहाला गेले होते, आणि मी काचेवर खळ फासून मथळा दाबून बसवला. मागे उजेड आल्यानं दादांची अक्षरं अशी काही झळकली, की मला भरून आलं.

जाहिरातीला पाठ दाखवणारी माणसं आमच्या गावात खूप. ओल्या खळीचं पत्रक मात्र कोणी न वाचता पुढे जात नाही. भेळवाला आला. झेरॉक्सवाले आले. मागच्यांना दिसेना म्हणून कोणी मोठ्यानं वाचून दाखवलं. गाडी लागली होती तेव्हापेक्षा जास्त गर्दी. वर खळीचा एक ओघळ सुटला आणि पुण्याच्या पत्रावरून हळूहळू खाली येऊ लागला. ताई माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती, तिचं वर्णन मी पत्रकातही करू शकणार नाही.

काका चहावरून परतले, हे पाहून तसेच छापखान्याकडे वळले आणि दादांनाच घेऊन आले.

"बघ, तुझ्या पोरानं माज्या काचंला काय फासलंय!"

दादा गर्दीतून पुढे आले. चष्मा वर केला आणि आधी मथळ्यावरून बोट फिरवलं.

"खळ पातळ झालीय," ते मला म्हणाले.

"खळीचं जाऊ दे," काका म्हणाले. "खालचं वाच. तुमचं नाटक हाय म्हनं. एम-ए-एल-ए, मला... एस-एच-ए-बी-डी-ए..."

"आमचं कुठलं नाटक?"

ताईचा चेहरा कागदासारखा झाला होता. दादांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इंग्रजी अक्षरं त्यांना उलटीसुद्धा वाचता यायची, खिळे जुळवण्यात जन्म गेला होता. खाली एक नजर टाकली असती तर पत्र संपलं असतं. त्यांनी शबनम पिशवीतून हाताला आलं ते पत्रक काढलं, पडद्यावर धरलं आणि त्यावर पंजा ठेवला.

"दुसऱ्याचं पत्र हाय," ते काकांना म्हणाले.

"दुसऱ्याचं कुठलं? तुज्याच पोरीचं हाय की!"

"पोरगी बी दुसरं मानूसच असती, गड्या."

ताई उठली. "दादा, नाटक नाही ते. हात काढा, वाचा तुम्ही."

"न्हाई. तोंडानं सांग."

पण सांगणार कुठे? सगळा भाग कान टवकारून उभा. ताईनं इकडेतिकडे पाहिलं आणि कोपऱ्यातल्या केबिनचं दार उघडलं. दादांनी माझा हात ओढून स्वतःच्या पंज्याच्या जागी ठेवला आणि तिच्यामागे गेले. दार लागलं. काका सवयीनं मीटरच्या जागेकडे सरकले, पण तिथे आता मीटरही नव्हतं आणि रिसीव्हरही. काचेवर कान टेकवावा तर सगळ्यांदेखत.

आम्ही मूकपट पाहत राहिलो. ताई बोलत होती, दादा खाली बघत होते. मध्ये त्यांनी काहीतरी विचारलं, तिनं मान हलवली. मग ते केबिनमधल्या स्टुलावर बसले आणि चष्मा पुसू लागले. माझा पंजा खळीनं पडद्याला चिकटत चालला होता आणि पहिल्यांदाच माझ्याकडे एकही उद्गारचिन्ह नव्हतं.

शेवटी दादा उठले. निघताना त्यांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो अंमळ जोरात ठेवला, असं मला वाटलं.

काका दारातच. "काय ठरलं रं?"

दादांनी खिशातला रुमाल ओला करून मागितला, माझा हात सोडवला, काचेवरचे ओघळ पुसले. वरच्या मथळ्याला मात्र हात लावला नाही.

"वर लिहिलंय तेच," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आन् तू. खळीत मोरचूद घालत जा. न्हाईतर मुंग्या व्हत्यात."

मुंग्या झाल्याच. काकांनी मथळा खरवडला, पण 'मुलीचाच' काही निघेना. पुढे कितीतरी दिवस त्या शब्दामागे जाहिराती उघडझाप करत होत्या.