माझ्या पुढं किती डबे?

वालूरच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत भागम्माची पिठाची गिरणी आहे. तिला ना नाव, ना पाटी. पट्टा फटफटायला लागला आणि त्याच्या वरताण भागम्माचा आवाज चढला की गिरणी चालू झाली असं गावानं समजायचं. नवरा, ईश्वरअप्पा, जाऊन आठ वर्षं झाली. तेव्हा चार शहाणे म्हणाले होते, मोटार सांभाळायची, झिजलेल्या दगडाला टाकी लावायची, हे काय बाईमाणसाला झेपायलंय? भागम्मानं कपाळाला विभूती लावली, पदर खोचला आणि खटका वर केला. ते चारही शहाणे आज डबा घेऊन निमूट रांगेत उभे राहतात.

आणि रांग म्हणजे भागम्माची रांग, बरं का! ज्वारीची वेगळी, गव्हाची वेगळी, हरभऱ्याची डाळ सगळ्यांच्या मागून. ज्वारीच्या रांगेत कुणी गुपचूप गव्हाचा डबा सरकवला, तर तो सरपंचाचा असो की जावयाचा, उचलून बाहेर. "एका रांगंत एकच जातीचं धान्य. पीठ मिसळलं की भाकरी बी बिघडती आन माणूस बी!" हा तिचा कायदा.

अशा या खमक्या बाईला गेल्या उन्हाळ्यात एकाच गोष्टीनं पोखरलं होतं. मुलगा शिवकांत सेलूच्या खताच्या दुकानात कामाला. सून ईश्वरी कॉम्प्युटर शिकलेली, पण वर्षभर घरीच. शेवटी दोघांनी ठरवलं, जूनपर्यंत ईश्वरीला इकडंच कुठं शाळेत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर पुणं गाठायचं. भागम्मा म्हणाली, "जावा की! माझं काय, गिरणी हाय, गाव हाय." असं म्हणाली खरी, पण त्या दिवशी तिनं मालनबाईच्या गव्हात दुसऱ्याच्या ज्वारीचं पीठ ओतलं. आठ वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. मालनबाई म्हणजे पलीकडच्या घरची बाई, तोंडानं फटकळ. तिनं हा गुन्हा गल्लीभर केला.

ईश्वरीची एक संधी आधीच हुकली होती. परभणीच्या एका शाळेत तिला मुलांपुढं डेमोचा तास घ्यायला लावला. विषय होता ॲरे, म्हणजे कॉम्प्युटरमधली माहितीच्या खणांची ओळ. तास छान रंगला होता, तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पहिल्या खणाचा नंबर शून्य का? एक का नाही?" ईश्वरी म्हणाली, "ते तसंच असतं." पोरं हसली, मागं बसलेले साहेब हसले, आणि ईश्वरी घरी येऊन उशीत तोंड खुपसून पडली.

आता सेलूच्या शाळेचं बोलावणं आलं होतं. विषय तोच. "आत्याबाई, तुमाला शिकवून बघते," ईश्वरी म्हणाली. "तुमाला कळलं तर कुणालाबी कळंल."

"म्हंजे मी सगळ्यात मठ्ठ का?" भागम्मा हसली आणि पिठानं माखलेले हात झटकून पोत्यावर बसली. शाळा तिची चौथीपर्यंत.

ईश्वरीनं सांगितलं, "समजा पाच लेकरांचे मार्क ठेवायचे हायत. पाच निराळी नावं द्यायची न्हाईत. नाव एकच द्यायचं आन ओळीनं पाच खण पाडायचे. कितवा खण ते सांगितलं की कॉम्प्युटर तेवढंच काढून देतो. खणांत माल मात्र सगळा एकाच जातीचा."

"हे तर माझ्या रांगंवानी हाय! शहाणा हाय की तुझा कॉम्प्युटर."

"आन पैल्या खणाचा नंबर शून्य."

भागम्मा ताडकन उठली. "मग येडा हाय! शून्य डबे म्हंजे गिरणी बंद. समोर भरलेला डबा ठिवलाय आन त्याला शून्य म्हनतंय व्हय?"

झालं! जे त्या परभणीच्या पोरीला पटलं नव्हतं, ते चौथी शिकलेल्या सासूलाही पटेना. ईश्वरीचा चेहरा एवढासा झाला. रात्री जेवताना भागम्मानं तिच्या ताटात जास्तीची भाकरी वाढली, पण शून्य काही गिळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवर ही गर्दी. मालनबाई धापा टाकत आली, डबा आदळला आणि ओरडली, "भागम्मा, माझ्या पुढं किती?"

गिरणीवर सगळे असंच विचारतात. माझा नंबर कितवा, असं कुणी म्हणत नाही. पुढं किती हे कळलं की चहा पिऊन यायचं का इथंच थांबायचं, ते ठरवता येतं. भागम्मानं मान न वळवता उत्तर दिलं, "तीन." तिच्या पुढच्या वैजीनाथला म्हणाली, "तुझ्या पुढं दोन." त्याच्या पुढची एक चिमुरडी होती, तिला म्हणाली, "एकच, थांब." आणि सगळ्यात पुढं डबा धरून उभ्या असलेल्या रामहरीला म्हणाली, "तुमच्या पुढं कुणीच न्हाई, ओता."

ओता म्हणाली आणि स्वतःच थबकली.

"ईश्वरे! अगं ए ईश्वरे! पळ लवकर!"

ईश्वरी हातातलं सोडून धावत आली. तिला वाटलं, पट्ट्यात पदर गेला.

"अगं, त्यो शून्य म्हंजे नंबर न्हाईच्च! पुढं किती ते सांगायलाय त्यो! रामहरीच्या पुढं कुणीच न्हाई, म्हनून शून्य. हिच्या पुढं एक. वैजीनाथच्या पुढं दोन. तुझा कॉम्प्युटर कितवा ते इचारतच न्हाई, किती डबे वलांडून जायचं ते इचारतंय!"

ईश्वरीनं भर गिरणीत सासूला मिठी मारली आणि दोघी पिठानं पांढऱ्याफटक झाल्या. मालनबाई म्हणाली, "तुमचं काय चालायलंय ते चालू द्या, पर माझे तीन हायत का दोन झाले?"

डेमोच्या दिवशी ईश्वरीला खरे पाच डबे न्यायचे होते. शिवकांतच्या गाडीवर ते मावेनात. मग भागम्मानं कधी नव्हे ती भरदिवसा गिरणी बंद ठेवली आणि सासू-सून टमटममध्ये पाच रिकामे डबे मांडीवर घेऊन सेलूला निघाल्या. वाटेत प्रत्येक खड्ड्याला डबे वाजत होते आणि ड्रायव्हर विचारत होता, "काकू, वरातीला निघालाव का?"

भागम्माला बाहेर व्हरांड्यात बसायला सांगितलं होतं. "उगं बसा आत्याबाई, काई बोलू नका," असं ईश्वरीनं हात जोडून बजावलं होतं. भागम्मा बसलीही. पण खिडकी उघडी होती, त्याला ती काय करणार?

आत आठवीचा वर्ग. ईश्वरीनं पाच मुलं डबे देऊन उभी केली आणि म्हणाली, "ही गिरणी. आता सांगा, तुमच्या पुढं किती?" मुलं ओरडली, "शून्य! एक! दोन! तीन! चार!" वर्ग खिदळत होता आणि शिकतही होता. परभणीतला प्रश्न विचारायला इथं कुणाला तोंडच उघडावं लागलं नाही. मुख्याध्यापक भगवानराव मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते. शेवटी त्यांनी चष्मा वर केला. "मॅडम, डबे पाच आहेत. मी पाच नंबरचा डबा मागितला तर काय होईल?"

ईश्वरी उत्तर द्यायला वळली. तिला ते पाठ होतं. पण तिच्या आधी खिडकीतून खणखणीत आवाज आला, "त्याच्या पुढं पाच, आन डबे बी पाचच, म्हंजे त्याचा डबा रांगंत न्हाईच, साहेब! नुसता गप्पा हाणायला आलाय त्यो! हाकला त्याला!"

वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला. भगवानराव हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते उठून गेले.

परतताना दोघींनी डबे मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. भागम्माचं मन तिला खात होतं. शिवा शिवा, ही जीभ! सगळं बरं चाललं होतं आणि आपण मधे कडमडलो. पोरीची नोकरी घालवली. आता पुणं. "मी जलमात कधी गप बसले न्हाई, आज तरी बसायचं होतं," ती म्हणाली. ईश्वरीनं तिच्या हातावर हात ठेवला.

चार दिवसांनी शाळेत निवडीची यादी लागणार होती. ईश्वरी सकाळीच सेलूला गेली. भागम्मा दळत होती, पण तिचं सगळं लक्ष गल्लीच्या तोंडाकडं. दुपारी ईश्वरी आली. चेहऱ्यावरून काही कळेना. बाया डबे सोडून तिच्याकडं बघायला लागल्या. पट्ट्याच्या आवाजात ती काय बोलली ते कुणालाच ऐकू गेलं नाही. तेव्हा भागम्मानं मालनबाईचा गहू अर्धा दळलेला असताना खटका खाली पाडला. गिरणी घरघरत थांबली.

"पोरी," भागम्माचा आवाज पहिल्यांदाच बारीक निघाला, "यादीत तुझ्या पुढं किती?"

ईश्वरी म्हणाली, "शून्य."

"अरेरे!" मालनबाईनं कपाळाला हात लावला. "शून्य! एवढी शिकून पोरीला शून्य! जाऊ दे माय, पुण्यात तरी..."

"गप गं येडे!" भागम्मा ओरडली. ती हसत होती आणि डोळ्यांतलं पाणी पिठातून वाट काढत खाली येत होतं. "शून्य म्हंजे हिच्या पुढं कुणीच न्हाई! हितंच ऱ्हायलीय माझी पोर!"

तिनं ईश्वरीच्या दोन्ही गालांवर पिठाचे पंजे उमटवले. मग पदरानं डोळे पुसले, खटका वर केला आणि पुढच्या बाईला म्हणाली, "काय बघायलीस? आण डबा."

"आन माझा गहू?" मालनबाई किंचाळली.