रुसलेले हवालदार

वर्गाच्या दारात वर्दीतला शिपाई उभा राहिला तशा माझ्या विद्यार्थिनी उठून उभ्या राहिल्या. तिरोड्याहून सकाळच्या गाडीनं तो गोंदियाला आला होता. डोक्यावरची पगडी काढून त्यानं काखेत धरली आणि म्हणाला, "बाई, हवालदार साहेब गेले जी." मी हातात खडू तसाच धरून विचारलं, "कुठं?" ... हवालदार म्हणजे माझे भाऊजी, आणि ते नोकरीभर सदा कुठे ना कुठे गेलेलेच असत. जत्रेच्या बंदोबस्ताला, आरोपी घेऊन भंडाऱ्याच्या कोर्टात, नाहीतर कुण्या गावी बैलजोडी चोरीला गेली म्हणून धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या बांधांवरून पायी. त्यामुळे 'गेले' या शब्दाचा दुसरा अर्थ मला लवकर सुचलाच नाही. शिपाई बिचारा मान खाली घालून उभा राहिला, तेव्हा समजलं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. शेतातलं धान कापून खळ्यावर आलं. लिहायला बसलं की रडू येईल असं वाटलं होतं, पण भाऊजी आठवले की आधी हसूच येतं, त्याला माझा इलाज नाही. तुळशीराम हवालदार हे माझ्या थोरल्या बहिणीचे, गिरजाताईचे यजमान. उंच, काळेसावळे, मिशा भरघोस, आणि आवाज असा की चोरखमाऱ्याच्या तलावाच्या एका पाळीवरून हाक मारली तर दुसऱ्या पाळीवरची गुरं वळून पाहतील. असा माणूस पोलिसात नसता गेला तरच नवल.

ताईची सोयरीक ठरत होती तेव्हा मी परकर नेसायच्या वयाची होते. मध्यस्थानं सांगितलं होतं, मुलगा पोलिसात आहे. आमचे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, धानाचे शेतकरी; पोलीस म्हणजे गावात आला की कोंबडी लपवायची, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी पाहायला आलेल्या मुलाला सरळच विचारलं, "पोलिसात तं हाये, पन कोन हाये?" भाऊजींनी पानाचं तबक पुढे ओढलं आणि त्यातल्या सुपाऱ्या सतरंजीवर एकीखाली एक मांडायला लागले. सगळ्यात वर गरगरीत सुपारी ठेवली. "हे नागपूरचे आयजी साहेब. साऱ्या प्रांताच्या पोलिसाचे मालक. त्यायच्या खाली हे डीआयजी. मंग आपले भंडाऱ्याचे डीएसपी, साऱ्या जिल्ह्याचे. त्यायच्या खाली सर्कल इन्स्पेक्टर, चार-सहा ठाणे त्यायच्याकडे. मंग सब-इन्स्पेक्टर, म्हंजे आपला ठाणेदार. त्याच्या हाताखाली हवालदार. अन् हा..." असं म्हणून त्यांनी सुपारीचं एक खांड सगळ्यात खाली ठेवलं, "...हा शिपाई. हा मी."

दादांनी ती रांग बोटानं वरून खाली मोजली. "म्हंजे तुमच्यावर सारेच?"

"होय जी."

"अन् खाली?"

"खाली गावचा कोतवाल. पन मामाजी, गावात काय चालून राहिलं ते पयले कोतवालाले कळते, मंग मले, मंग हवालदाराले. आयजी साहेबाले सगळ्यात आखरीले कळते."

दादांनी अडकित्ता उचलला, वरची गरगरीत सुपारी घेतली, कातरली आणि तोंडात टाकली. "आयजी खाल्ला," ते म्हणाले, "आता बाकीच्यायचं पाहू." भाऊजी एवढ्या मोठ्यानं हसले की आत चुलीपाशी बसलेल्या ताईनं तिथूनच आईला हळूच सांगितलं म्हणे, की हो म्हणा.

पुढे भाऊजींच्या बाहीवर तीन फिती चढल्या, शिपायाचे हवालदार झाले. कुणीतरी त्यांना म्हणालं, सागरच्या ट्रेनिंग स्कुलात जा, परीक्षा द्या, ठाणेदार व्हाल. ते नाही म्हणाले. "ठाणेदार झालो का खुर्ची येते, अन् खुर्ची आली का चालनं सुटते." चालण्याचा त्यांना खरोखरच सोस होता. गस्तीला गेले की वाटेतल्या प्रत्येक घराची खुशाली घेऊन येत. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून माहेरी रुसून बसली, कुणाच्या बांधावरून भांडण धुमसतं आहे... त्यातली निम्मी भांडणं ठाण्यापर्यंत येतच नसत. पळसाच्या पानावर भात खाता खाता भाऊजींनी ती वाटेतच मिटवलेली असत. ठाण्यात गुन्हे कमी नोंदले जातात म्हणून एकदा सर्कल साहेबांनी चौकशी केली, तेव्हा ते म्हणाले होते, "साहेब, भांडन ठाण्यात आलं का वकिलाचं होते, वाटेवर मिटलं तं त्यायचंच राहते."

मग ते जंगल सत्याग्रहाचं साल आलं. दादा तोवर खादी घालायला लागले होते. बैलगाडीत बसूनही टकळी फिरवत. चोरखमाऱ्याकडच्या राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडायचा, असं गावच्या आठ-दहा जणांनी ठरवलं, आणि त्यांचे पुढारी दादा. तिरोडा ठाण्यात खबर पोचली. तेव्हाचे ठाणेदार जबलपूरकडचे, तरुण आणि मनानं भले. त्यांनी भाऊजींना बोलावून घेतलं. "तुलसीराम, वो तो तुम्हारे ससुर हैं। दो दिन की छुट्टी ले लो, मैं किसी और को भेज देता हूँ।" दुसरा कुणीही असता तर त्यानं साहेबांचे पाय धरून सुट्टी घेतली असती. पण भंडाऱ्याहून राखीव शिपायांची तुकडी दुपारपर्यंत येणार, हे भाऊजींना ठाऊक होतं. लाठ्या घेऊन येणारी, या मुलखातल्या कुणालाही न ओळखणारी माणसं. आणि समोर आमचे दादा, पन्नाशी उलटलेले, हटवादी. भाऊजी म्हणाले, "छुट्टी नको साहेब. मीच जातो. ते लोक यायच्या आधी जातो."

घरी ताईनं दार अडवलं. "माह्या बापाले हात लावसान, तं ही वर्दी घालून या घरात पाय ठेवू नोका."

"हात नाई लावत," भाऊजी म्हणाले, आणि गेले.

मी त्या दिवशी सुट्टीत गावी होते, साऱ्या बायांबरोबर जंगलाच्या कडेला उभी होते. गवत कमरेएवढं. दादांनी विळा घेऊन पहिलं मूठभर गवत कापलं, लोकांनी जयजयकार केला, आणि तेवढ्यात पायवाटेनं भाऊजी आले, मागे चार शिपाई. सासरा-जावई समोरासमोर.

"मामाजी, कायदा मोडला तुमी. चला."

दादा ताठ उभे. "लेकीच्या घरचं पानी पीत नाई मी. अन् जावयाच्या हातानं धरला जाऊ? आपल्यात असं होते काय? ठाणेदाराले बोलवा. माह्या मानाचा हुद्दा पाठवा."

"ठाणेदार येतपर्यंत भंडाऱ्याची तुकडी येते. त्यायले काय माहीत तुमी माहे सासरे हा?"

"येऊ दे. डोकं फोडू दे."

दादा एकदा अडले की अडले, हे आम्हा सगळ्यांना माहीत. बाया एकमेकींचे हात धरून उभ्या. दूर रस्त्याकडे धूळ दिसायला लागली होती... भाऊजींनी एकदा त्या धुळीकडे पाहिलं, एकदा दादांकडे. मग त्यांनी पगडी काढून बाजूला ठेवली आणि चक्क मांडी घालून गवतात बसले.

"काऊन बसले?" दादांनी दचकून विचारलं.

"रुसलो," भाऊजी म्हणाले.

"काय?"

"लगनात मी रुसलो नाई मामाजी. साऱ्या मांडवानं म्हटलं, जावई गरीब हाये, कायीच मागत नाई. ते रुसनं बाकी हाये माहं. आज रुसतो. जावई रुसला का मागन ते द्यावं लागते."

मागून कुणीतरी बाई खुदकन हसली. "मंग काय पायजे?" दादांनी विचारलं, तेही आता मिशीत हसू दाबत होते.

"तुमी पायजे. तिरोड्यापर्यंत. आपल्या पायानं."

आधी शिपाई हसले, मग बाया, मग सगळं रान हसलं. दादांनी कापलेल्या गवताचा भारा बांधला, खांद्यावर घेतला आणि म्हणाले, "चला जावईबापू, तुमचा मान ठेवतो. पन बेडी नाई." "बेडी आनलीच नाई जी," भाऊजी उठत म्हणाले. बाकीचे सत्याग्रहीही आपापले भारे घेऊन मागे निघाले, जसं काही वऱ्हाडच चाललंय. भंडाऱ्याची तुकडी पोचली तेव्हा तिथे तुडवलेलं गवत आणि आम्ही हसणाऱ्या बाया, एवढंच उरलं होतं.

दादांना काही महिन्यांची सजा झाली. भाऊजींना जी मिळाली ती वेगळी. वर्दीत असताना आरोपीपुढे जमिनीवर बसल्याची तक्रार वर गेली. कशाला बसलास, असं साहेबांनी विचारलं. "आरोपी उठावा म्हणून, साहेब." उत्तर खरं होतं, पण वर आवडलं नाही. तीन फिती उतरल्या, हवालदाराचा पुन्हा शिपाई झाला. तुरुंगात दादांना भेटायला गेले तेव्हा भाऊजी गजाबाहेरून म्हणाले, "मामाजी, तुमी आत गेले, मी खाली गेलो. हिशेब बरोबर." दादा तुरुंगात हसत होते म्हणून पहारेकरी पाहायला आला म्हणे.

ताईचं मात्र सोपं नव्हतं. अटक झाली त्या दिवशी संध्याकाळी भाऊजी अंगणातच थांबले, वर्दी उतरवून ओसरीच्या खुंटीला टांगली आणि धोतरावर दाराशी उभे राहिले. "हा मानूस आत येऊ शकते काय?" ताईनं पाट मांडला, पण बोलली नाही. दादा सुटेपर्यंत वर्दी रोज ओसरीतच राहिली. तिथेच चढायची, तिथेच उतरायची. दादा सुटले ते थेट तिरोड्याला, पोलीस लाइनीत आले. खुंटीवरची वर्दी पाहिली, कारण विचारलं, आणि स्वतःच्या हातानं ती उचलून आत नेऊन ठेवली. "वर्दीचा काय कसूर वो गिरजे? तिच्या आत मानूस कोन हाये ते पाहा." तेव्हा कुठे ताई रडली, आणि भाऊजींशी भांडली, आणि सगळं सुरळीत झालं. पाणी मात्र दादांनी त्याही दिवशी लेकीच्या घरचं घेतलं नाही, रस्त्यापलीकडच्या विहिरीवर जाऊन प्याले.

फिती पुढे परत मिळाल्या. आणि नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवसांत भाऊजींच्या नशिबी तो ऑगस्ट आला. तिरोड्याच्या ठाण्यासमोर तिरंगा चढवायचा होता. आताचे ठाणेदार म्हणाले, दोरी म्हाताऱ्या सत्याग्रह्यानं ओढावी. दादांनी ती ओढली. सलामीची तुकडी भाऊजींच्या हुकमात होती. बंदुका वर गेल्या, पहिल्यांदाच सारं ठाणं आमच्या दादांच्या बाजूला तोंड करून ताठ उभं राहिलं. दादा झेंड्याखालूनच हळू बोलले, पण मला ऐकू आलं: "जावईबापू, माहा हुद्दा वाढला काय?" भाऊजींना हसता येईना. मिशा तेवढ्या थरथरल्या. सलामी संपल्यावर जवळ जाऊन म्हणाले, "वाढला मामाजी. आता आयजी बी तुमच्या खाली."

तिथून सगळे ताईकडे आलो. दादा पाटावर टेकले आणि म्हणाले, "गिरजे, पानी दे." ताईला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "दे वो. ठाणं आपलं झालं, आता लेकीचं घर कायले परकं?" ताईनं तांब्या भरून आणला. दादा घटाघट प्याले. भाऊजी उंबऱ्यात उभे राहून हे पाहत होते, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तरीनबाई, पाहून घ्या. असा दिवस शाळेत शिकवता येत नाई." ... पेन्शनीत निघाल्यावर दोन-अडीच महिनेच मिळाले त्यांना. सकाळी अंगणात दात घासता घासता खाली बसले, ते बसलेच. दादांना जावयाच्या मागे राहावं लागलं, याचं त्यांना वाईट वाटतं. पण तेही बोलायला लागले की गवतातल्या त्या रुसण्यावरच येतात.

मागच्या रविवारी ताईकडे गेले होते. जेवणाची वेळ झाली तशी ताईनं परसात खेळणाऱ्या नातवंडांना हाक दिली, "फालिन!" पलटणीला रांगेत बोलवायची ती भाऊजींची हाक. जेवायला बसायची त्यांची रीत मी याआधी कधी नीट पाहिली नव्हती. पोरं धावत आली आणि उंचीनं उलटी बसली: सगळ्यात धाकटा, अजून बोबडा बोलणारा, पहिल्या पाटावर, तो आयजी. त्याच्यापुढे आधी वाढायचं, कारण तो थांबला की रडतो. मग डीआयजी, मग डीएसपी, असं करत थोरला नातू शेवटी. माझ्यासाठी त्याच्याही खालचा पाट मांडला होता. "मावशीआजी, तू शिपाई," धाकटा म्हणाला. सगळ्यांचं एकदा वाढून झालं तरी ताई भाताचं भांडं घेऊन रांगेच्या टोकाशी थांबून राहिली. मी म्हटलं, पुरे गं. "पुरे कशी? शिपाई सगळ्यात जास्ती चालते, त्याले दोनदा वाढाचं, असा हुकूम हाये त्यायचा," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात तिनं दुसऱ्यांदा भात वाढला.