सुलभाची सतरंजी

सुलभाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी एका आजोबांचा रक्तदाब मोजत होतो. "ताईला हार्ट अटॅक आला. वारली..." तो म्हणाला. मी हातातला पंप दाबतच राहिलो. शेवटी आजोबा ओरडले, "डॉक्टर, हात तुटेल माझा!" त्याला आता महिना झाला.

आम्ही एकाच वर्गातून डॉक्टर झालो. ती मुलांची डॉक्टर, मुलुंडला. मी घाटकोपरला, सगळ्यांचा. तिच्या दवाखान्यात जमिनीवर एक पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी असायची. खोकणाऱ्या प्रत्येक पोराला ती त्यावर उताणं झोपवायची, शेजारी फतकल मारून बसायची आणि पाच मिनिटं नुसत्या गप्पा मारायची. "दवाखाना आहे की बालवाडी?" मी चिडवायचो. "तू नुसते कागद बघतोस. पोर बघ रे," ती म्हणायची.

सहा वर्षांपूर्वी वैशाली, तेव्हा सहा वर्षांची, माझी पेशंट होती. संपात गिरणी सुटल्यापासून वडील रिक्षा चालवत होते. खोकला, बारीक ताप, एक्स-रेत छातीच्या मधोमध सावली. आपल्याकडे अशी सावली दिसली की आधी क्षयच आठवतो. दोन महिने मी इंजेक्शनं टोचली. वजन उतरतच राहिलं, तेव्हा सुलभाकडे नेलं. सतरंजीवर आडवी केल्यावर मिनिटभरात पोर कासावीस होऊन उठून बसली. "घरी कशी झोपते?" सुलभानं विचारलं. आई म्हणाली, "बसानच निजता ओ. दोन म्हयने झाले." दोन महिने... आणि मी एकदाही विचारलं नव्हतं! ती सावली क्षयाची नव्हती; छातीतली गाठ होती, आडवं झालं की श्वासनलिका दाबणारी.

"तू सांग ना त्यांना," मी सुलभाला बाजूला घेऊन म्हणालो. "चूक तुझी, मी कशाला सांगू? चल, मी शेजारी उभी राहते." मी सांगितलं. वडिलांनी एक्स-रे पाकिटात घातला. मग म्हणाले, "आता काय करूचा ता सांगा."

परळच्या इस्पितळात सुलभा सोबत आली. "हिला आडवी करून पूर्ण भूल देऊ नका, श्वास अडकेल," हे तिनं इतक्यांदा सांगितलं की तिथल्या सर्जननी हात जोडले, "बाई, कळलं!" मानेजवळही एक लहान गाठ सापडली; तिचा तुकडा, तेवढीच जागा बधिर करून, वैशालीला बसवूनच काढला. कर्करोग निघाला, पण औषधांना दाद देणारा. सहा महिने शिरेतून औषधं, मग किरणांचा शेक. केस गेले, उलट्यांनी पोर पार गळून गेली. सुलभा दर रविवारी तिच्याजवळ जाऊन बसायची. औषधांच्या दुसऱ्या फेरीनंतर तिचा फोन आला, "उताणी झोपली रे वैशाली! झकास घोरतेय!" आणि ती रडायलाच लागली. मला सुलभा फार आवडायची, तिच्या बोलण्यासकट.

सतरंजी आता माझ्या दवाखान्यात आहे, तिच्या भावानं दिली. गेल्या आठवड्यात वैशाली खोकला झाला म्हणून आली. बारा वर्षांची, दोन जाड वेण्या. मी काही म्हणायच्या आत तिनं चपला काढल्या आणि सतरंजीवर उताणी झोपली. "काका, खाली बसा ना. बाई बसायच्या."

बसलो. खोकला साधाच होता, श्वास संथ चालला होता. बाहेर पेशंट खोळंबले होते. पाच मिनिटं कधीच होऊन गेली होती, तरी मला उठवेना...