माझ्या अंगातलं उष्ण-थंड

माझ्या आईच्या मते जगातल्या प्रत्येक गोष्टीचे दोनच प्रकार. उष्ण आणि थंड. पपई उष्ण, काकडी थंड. तीळ उष्ण, सब्जा थंड. माझा नवरा थंड, मी उष्ण. हे शेवटचं ती जावयासमोरही बोलते, आणि तो हसतो. खरंच थंड आहे मेला.

मी रियाधमध्ये एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे. दिवसभर लोकांचं रक्त तपासते. अंगातली उष्णता कुठल्याही ट्यूबमध्ये उतरत नाही, हे मला नीट ठाऊक आहे. तरीही मला दुसऱ्यांदा दिवस राहिले आणि दुसऱ्यांदाही तिसऱ्या महिन्यात सगळं गेलं, तेव्हा चिपळूणहून आईचा व्हिडिओ कॉल आला, आणि तिचं पहिलंच वाक्य होतं, "काय खाल्लं होतंस गो?"

मी फोन ठेवून दिला. मग अंघोळीला गेले आणि शॉवरखाली उभी राहून खरंच आठवायला लागले, की मी काय खाल्लं होतं.

माझ्या डॉक्टरणीने सगळे रिपोर्ट समोर ठेवून सांगितलं होतं, गर्भातच दोष होता, तो टिकणारच नव्हता, तुमचं काही चुकलेलं नाही. मी मान डोलावली. रिपोर्ट वाचणं तर माझा धंदाच. पण मनात एकच किडा वळवळत राहिला, की हे माझ्यामुळे झालं का? पुन्हा प्रयत्न करायचा की नाही हेही त्याच एका उत्तरावर अडलं होतं. नवरा म्हणायचा, तू म्हणशील तसं. असल्या वेळी "तू म्हणशील तसं" म्हणणाऱ्या माणसाला काय करावं हे मला अजून कळलेलं नाही.

आईने फोनवरूनच माझा ताबा घेतला. खजूर बंद. आता सौदीत राहून खजूर बंद म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. लॅबमधल्या सौदी मैत्रिणी सकाळी कहवा आणि खजूर घेऊन बसतात. मी नको म्हटलं की त्यांचे चेहरे पडायचे. एकीने तर विचारलं, आमच्या बागेतले आवडत नाहीत का? तिला काय सांगू, की कोकणात बसलेल्या माझ्या आईने तुझ्या बागेवर बंदी घातली आहे?

मग गुलकंद. "तुमच्याकडे गुलाब होतात ना मोठे? मग विकतचा कशाला?" गुलाबांचं गाव ताइफ रियाधपासून कुठल्या कुठे, पण तिथून सुट्टी संपवून आलेल्या एका सहकारी बाईने पिशवीभर पाकळ्या आणून दिल्या. मी त्या साखरेत घालून बरणी बाल्कनीत ठेवली. रियाधच्या उन्हात. हात लावला तर चटका बसेल अशी ती बरणी, आणि आत म्हणे थंड औषध! नवऱ्याने ती गंमत बरोबर हेरली. सब्जा आणि कोकम आणायला आम्ही बत्ह्याच्या बाजारात जायचो, तिथला मल्याळी दुकानदार मला बघितलं की आपणहून सब्जाची पुडी काढून ठेवायचा. इतकी मी थंड होत चालले होते.

एका चिनी डॉक्टरकडे मला लॅबमधल्याच एकीने नेलं. रीतसर परवाना असलेलं छोटं क्लिनिक होतं. डॉक्टर बाई पन्नाशीच्या, पांढरा कोट, केस आखूड. बरीच वर्षं इथे काढलेली, त्यामुळे त्यांचं इंग्रजी मोडकं आणि त्यात अरबीचा तडका. त्यांनी माझी जीभ पाहिली. मग एका मनगटावर तीन बोटं ठेवून डोळे मिटले, बऱ्याच वेळाने दुसऱ्या मनगटावर. मी मनात म्हटलं, झालं, आता आपलं भविष्य सांगणार.

"कोल्ड," त्या म्हणाल्या. "टू मच कोल्ड. पोटात कोल्ड, पाय कोल्ड. ची चालत नाही." ची म्हणजे अंगातली शक्ती, ती वाहती हवी आणि ऊब नसेल तर ती वाहत नाही, असं त्यांनी मला हातवारे करून समजावलं. "कोल्ड वॉटर खलास. रात्री पाय गरम. मटण खा, आलं खा, खजूर खा."

खजूर खा म्हणाल्या आणि मला हसू फुटलं. आवरेचना. बाईंना वाटलं मी त्यांची चेष्टा करते आहे. चेष्टा कसली, मला तर त्यांना मिठी मारावीशी वाटत होती. एका बाजूला आई म्हणते, तुझ्या उष्णतेने गेलं. दुसऱ्या बाजूला ही म्हणते, तू बर्फ आहेस. दोघी मिळून माझ्याच अंगाला दोष देत होत्या हे मात्र त्या हसण्यात माझ्या ध्यानात आलं नाही. ते घरी जाताना गाडीत आलं.

त्यांनी मुळ्या, साली, सुकी लाल फळं यांच्या पुड्या बांधून दिल्या. मी त्या आधी माझ्या डॉक्टरणीला दाखवल्या. ती म्हणाली, घे हवं तर, पण दिवस राहिल्याची शंका जरी आली तरी त्या क्षणी बंद. काढा उकळला की घरात ओल्या मातीचा आणि ज्येष्ठमधाचा वास सुटायचा. चवीचं न बोललेलं बरं. आईला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. ती किंचाळलीच, "अगं उष्ण असतंय ते! जीव घेशील का?" मग आमच्यात तह झाला. सकाळी चिनी काढा, संध्याकाळी गुलकंद आणि सब्जा. दोघींपैकी कुणीच नाराज नको. नवरा म्हणाला, "एकाच खोलीत हीटर आणि एसी दोन्ही लावलंयस." मी म्हटलं, "तू तुझ्या बँकेचे सर्व्हर सांभाळ."

पुढच्या वेळी डॉक्टर बाईंनी खाणंपिणं विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी गरम करते, तू थंड करते. का?"

"माझी आई."

"आईला घेऊन ये."

त्यांनी ते गमतीत म्हटलं असणार. पण आई तेव्हा व्हिजिट व्हिसावर येणारच होती, आणि हे ऐकल्यावर तर ती तयारीनेच आली. सुती साडी, वर स्वेटर, कारण इथल्या एसीला ती घाबरते, आणि चेहरा असा की आता या बाईची खैर नाही. "विचारतेच तिला, माझ्या लेकीला काय पाजत्येय ती."

क्लिनिकमध्ये मी मध्ये बसले. दुभाषी. डॉक्टर बाईंनी आईकडे पाहिलं, हसल्या, आणि भांडायची संधीच न देता तिचं मनगट पुढे घेतलं. आई मला म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" पण हात काढून घेतला नाही. उलट दुसराही आपणच पुढे केला.

मग नेहमीचे प्रश्न. झोप येते का? येते. गुडघे? दुखतात. किती वेळा दिवस गेले होते? तो प्रश्न मी जरा आडवळणाने विचारला. आई समोरच्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिली. उघड्या माणसाचं चित्र होतं आणि त्याच्या अंगभर रेघा.

"तीन वेळा," ती म्हणाली.

मी एकुलती एक. मी म्हटलं, "आई, ती तुझं विचारत्येय. तुझं स्वतःचं."

"माझंच सांगत्येय मी."

मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, आणि मला "थ्री" हा शब्द काढता येईना. डॉक्टर बाई वाट बघत होत्या. आई माझ्याकडे न बघता बोलत राहिली. "तुझ्याआधी दोन. पहिल्या वेळी मी संक्रांतीचे तिळाचे लाडू खाल्लेले. सासूबाई म्हणाल्या, उष्ण पडलं, खाल्लंस पोराला. दुसऱ्या वेळी मी काय्येक खाल्लं नव्हतं गो, तरी गेलं. मग तुझ्या वेळी नऊ महिने नुसती ताकभातावर राहिले. तू राहिलीस."

म्हणून सब्जा. म्हणून गुलकंद. माझ्यावर वर्षभर रोज फोनवरून जे ओतलं जात होतं ते सगळं त्या ताकभातातून आलं होतं, आणि मी मात्र तिच्यावर चिडून फोन ठेवत होते.

"तिला विचार," आई म्हणाली. "बघ तिला नाडीत दिसतंय का. माझं कशानं गेलं? उष्णानं की थंडीनं?"

मी विचारलं. डॉक्टर बाई दोन्ही मनगटं धरून बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "खूप जुनं आहे. आजची नाडी आजचंच सांगते. मला माहीत नाही."

आई माझ्या तोंडाकडे बघत होती. शहाण्या, हट्टी, माझ्या म्हाताऱ्या आईचे डोळे इतके घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते.

"ती म्हणते," मी सांगितलं, "तुझ्या खाण्याने काही गेलं नाही. तुझ्यामुळे नाही."

"नक्की असं म्हणाली?"

"नक्की."

आईने पदराने नाक पुसलं. मग माझा हात धरला, मनगटाशीच धरला, आणि म्हणाली, "मग तुझंही तुझ्यामुळे नाही गेलं हो, बाय माझी."

हेच माझी डॉक्टरण मला रिपोर्ट समोर ठेवून सांगत आली होती. मी ते आईच्या तोंडून ऐकायला थांबले होते, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. मी हमसून हमसून रडायला लागले. डॉक्टर बाई घाबरून उठल्या, पाणी आणायला निघाल्या, तर आईने त्यांचा कोट धरून त्यांना खाली बसवलं आणि आपल्या हिंदीत सांगितलं, "रोने दो उसको. बहुत दिन का है."