साडेतीनचे साडू

जगातल्या प्रत्येक वस्तूला आकडा चिकटवला की जग सुरळीत चालेल, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला भेटला आणि तो नेमका माझा साडू निघाला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर ते मुलीकडे अमेरिकेला जाऊन आले. तिकडून लोक चॉकलेटं आणतात. साडूंनी टेनिसचं रेटिंग आणलं. तिथे म्हणे क्लबात खेळणाऱ्या साध्या माणसालाही दीडपासून सातपर्यंत कुठला तरी आकडा असतो, साडेतीनवाला साडेतीनवाल्याशीच भिडतो आणि कोणाचा अपमान होत नाही. अपमान न होता यवतमाळात खेळ होऊ शकतो, ही कल्पनाच मला धाडसी वाटली. पण महिन्याभरात आमच्या क्लबाच्या मुरमाच्या कोर्टाशेजारी काळा फळा लागला, त्यावर प्रत्येकाचा आकडा चढला आणि नेर, राळेगाव, उमरखेडला धरून लीगही उभी राहिली. वरचा गट साडेतीनचा, मधला तीनचा, खालचा अडीचचा. उमरखेडचे खेळाडू पहिला सेट जिद्दीनं खेळत आणि दुसरा शेवटच्या एसटीच्या वेळेनुसार.

आकड्याची सवय कोर्टापुरती राहती तर ठीक होतं. साडूंनी न्हाव्याला अडीच दिले, नव्या जावयाला "सध्या तीन, सुधारणेला वाव" दिले, आणि एका सकाळी मेव्हणीच्या पोह्यांना साडेतीन देऊन बसले. "मंग उद्यापासून तुमीच करत जा," ती म्हणाली, "चाराचे होतीन." क्लबात तर रोज भांडण. एक कापूस व्यापारी राळेगावच्या नवख्याला हरवून पेढे घेऊन आले, तर फळ्यावर त्यांचा आकडा खाली.

"मी जितलो न बाप्पा!"

"जितले. पण तुमच्यासारख्यानं त्याले सहज गुंडाळाले पाह्यजे होतं. तुमी तीन सेट घेतले."

"म्हणजे जितूनही हरलो?"

"हरले नाही. उतरले." असं म्हणून साडूंनी शांतपणे पेढा उचलला.

दुहेरीत त्यांचे जोडीदार एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. त्यांना सगळा गाव कंट्रोलर म्हणतो. दोघं तरुणपणापासून एका बाजूला खेळत आलेले. त्यांचं कोर्टावरचं संभाषण "तुहा" आणि "माहा" या दोन शब्दांत आटोपतं, आणि बहुतेक वेळा दोघंही "तुहा" म्हणतात व चेंडू मधून निघून जातो. यंदा कंट्रोलरचा डावा गुडघा गेला आणि त्यांचा आकडा साडेतीनावरून तीनवर आला. साडू साडेतीनवरच. नियम साडूंचाच होता : वरच्यानं खालच्या गटात खेळायचं नाही, खालच्यानं वरच्या गटात नाही. म्हणजे जोडी फुटली.

"थोडी सूट द्या," सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

"नाही. एकाले पाळीबाहेर पाणी देल्लं की अख्खा कालवा फुटते." हे बोलताना ते कंट्रोलरकडे पाहत नव्हते. कंट्रोलर बुटाची नाडी बांधत होते, ती बांधलेलीच होती.

पुढच्या आठवड्यात नेरविरुद्ध साडूंचा एकेरीचा सामना होता. पंचाच्या उंच खुर्चीवर मी. समोर गेल्या दिवाळीत रॅकेट हाती धरून कसाबसा साडेतीनला टेकलेला एक होतकरू गृहस्थ. साडूंच्या सर्व्हिस एकामागून एक जाळ्यात. रेषेसाठी सख्ख्या भावाशी बोलणं टाकणारा हा माणूस, समोरच्याचा वीतभर बाहेर पडलेला चेंडू पाहून मी तोंड उघडायच्या आत ओरडला, "इन!" साडू हरले. असेच आणखी दोन सामने हरले, मग स्वतःच फळ्यापाशी गेले, साडेतीन पुसलं आणि सुबक अक्षरात तीन लिहिलं.

"डोये गेले," त्यांनी जाहीर केलं.

"काहून बे?" कंट्रोलर म्हणाले. "परवा तं स्टँडवरची पाटी दुरून वाचली तू."

"पाटी हालत नाही. बॉल हालते."

कंट्रोलरनी खाली पडलेला चेंडू उचलून त्यांच्या हातात दिला. मग म्हणाले, "चाल, सर्विस कर." आणि दोघं आपापल्या जुन्या जागी जाऊन उभे राहिले.

पण रेटिंग ही चीज वाईट. साडेतीनचा माणूस तीनच्या गटात आला की जिंकत सुटतो, आणि जिंकत सुटला की पुन्हा वर जातो. त्यामुळे साडू आता जिंकतात ते अगदी काठावर. घाम त्यांना पूर्वीपेक्षा जास्त येतो.

परवा संध्याकाळी क्लबात लवकर गेलो. कोर्टावर कोणी नव्हतं. साडू एकटेच मागच्या भिंतीवर चेंडू मारत होते, डाव्या हातानं. चेंडू कुठेही जात होता, आणि ते तो मुकाट्यानं वेचून आणत होते.

"हे काय, साडूभाऊ? उजव्याला काय झालं?"

त्यांनी कपाळ पुसलं.

"काही नाही जी. कंट्रोलर म्हणे, आता दुसराही घुडगा दुखून राह्यला." आणि चेंडू पुन्हा भिंतीवर मारून म्हणाले, "अडीचपर्यंत उतराले वेळ लागते."