चोर पकडायला ठेवलेलं नाव

माझ्या मुलीचं नाव मी चोर पकडायला ठेवलं. चोर उघडा पडला, पण त्याला सहा वर्षं लागली, आणि तोवर मुलगी पहिलीत गेली होती.

लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली म्हटल्यावर साधंसुधं नाव चालणार नव्हतं. वंदनाच्या, म्हणजे बायकोच्या, अटी दोनच होत्या: नाव गोड पाहिजे आणि आख्ख्या बिदरात दुसरं नको. अंगणवाडीच्या ताईकडून तिने गल्लीतल्या लेकरांची नावं काढून आणली. त्यात चार आराध्या आणि तीन सान्वी निघाल्या. शेवटी तिलाच सापडलं: उत्पला. निळं कमळ. मराठीत गोड, कन्नड बोलणाऱ्याचीही जीभ अडत नाही, आणि आमच्या बौद्ध घराला शोभणारं. (मी सुचवलेली सात नावं तिने शांतपणे ऐकून घेतली, एवढंच सांगतो.)

आमच्याकडे पाळण्याच्या दिवसापर्यंत नाव फुटू देत नाहीत. बाळाच्या कानात ते आधी आत्याने सांगायचं, मग जगाने ऐकायचं. त्यामुळे नाव तिघांनाच ठाऊक: वंदना, मी आणि खटकचिंचोळीला दिलेली माझी थोरली बहीण विमलअक्का.

पाळण्याला पंधरा दिवस असताना मागच्या गल्लीत एका मुलीचं नाव ठेवलं. उत्पला.

योगायोग असेल, असं मी म्हणालो. चार दिवसांनी जुन्या शहरातल्या एका घरून पेढे आले. तिकडेही उत्पला. वंदनाने पेढा तोंडापर्यंत नेऊन परत ठेवला.

"मी कुणाला सांगितलं न्हाई. तुम्ही?"

"मी कुणाशी बोलतो का कधी?"

हे मात्र खरं होतं. बिदरलगतच्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात मी स्टोअरकीपर आहे. दिवसभरात 'इथं सही करा' यापलीकडे माझ्या तोंडातून फारसं काही निघत नाही. मग उरलं कोण?

गोदामात माल कमी भरायला लागला की माझी एक युक्ती असते. ज्याच्यावर संशय आहे त्याच्या हाती खूण केलेली एक पेटी द्यायची, आणि ती बाहेर कुठे उगवते ते बघत बसायचं. तीच युक्ती मी सख्ख्या बहिणीवर केली. फोन लावला.

"अक्का, नाव बदललंय. उत्पला न्हाई. दुर्मिळा."

पलीकडे आधी म्हैस ओरडली, मग अक्का.

"कामून रे? एवढं चांगलं होतं की."

"वंदनाला हेच पाहिजे. पण तिच्यापाशी विषय काढू नकोस, चिडलीय ती."

"बरं. तुमची लेक."

वंदनाला यातलं काही माहीत नव्हतं. दुर्मिळा कुठे उगवली की अक्का सापडली, आणि नाहीच उगवली तर पाळण्याच्या आदल्या दिवशी अक्काला खरं सांगून टाकायचं, असा माझा बेत. दुर्मिळा कुठेच उगवली नाही. (असलं नाव कोण चोरणार!) तेवढ्यावर माझं समाधान व्हायला पाहिजे होतं. उलट संशय वाढला: बाई सावध झालीय. आदला दिवस मी जाऊ दिला. खरं नाव आता पाळण्यापाशीच सांगू, म्हटलं.

पाळण्याच्या सकाळी स्टीलच्या वाट्या आणायला गेलो. आलेल्या बायकांना द्यायला, बाळाचं नाव घातलेल्या एक्कावन्न वाट्या मी तीन आठवडे आधीच सांगून ठेवल्या होत्या. (स्टोअरकीपरला ऐनवेळचं काम झेपत नाही.) दुकानाच्या दारात, येणाऱ्याच्या कपाळाला लागेल अशी, एक वाटी दोरीला टांगलेली. तिच्यावर ठळक अक्षरांत: उत्पला.

"नमुना हाय," भांडीवाला खुशीत म्हणाला. "तुमची पहिली वाटी झाली, तीच लटकवली. लोकांला लई आवडायलंय नाव. लेकराची वाटी घ्यायला आलेल्या तिघांनी हेच उचललं."

पोतं खांद्यावर टाकून धावत घरी आलो तर त्रिशरण-पंचशील सुरू झालेलं. सगळे हात जोडून बसलेले. मध्येच घुसून बहिणीला काय सांगणार? मीही बसलो. खोटं न बोलण्याच्या शीलापाशी मला जोराचा ठसका लागला. संपलं की अक्काला गाठू म्हटलं, पण संपल्या संपल्या बायकांनी तिला पाळण्याकडे ढकललं. अक्का वाकली, बाळाच्या कानात पुटपुटली. रिवाजाप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. ती मान वर करून मोठ्याने म्हणाली, "दुर्मिळा."

मेहुणीने तेवढ्यात पोतं सोडून वाट्या वाटायला घेतल्या होत्या. एका म्हातारीने वाटी डोळ्यांशी नेली.

"मग ही उत्पला कोण?"

वंदना अक्काकडे बघत होती. अक्का माझ्याकडे. एक वाक्य बोललो असतो तर सगळं मिटलं असतं. मी म्हणालो, "खीर थंड व्हायलीय."

अक्काने माझ्यावरची नजर काढली. "माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई," ती सगळ्यांना म्हणाली. "आता कानात सांगितलेलं फिरवत न्हाईत."

अक्काने मुद्दाम केलं, असं वंदनाने मनात धरलं ते सहा वर्षं. सणाला ती साडी पाठवायची, पण स्वतः खटकचिंचोळीला जायची नाही. अक्का यायची ती पर्स मांडीवरून खाली न ठेवता बसायची आणि पुढच्या बसने जायची. मी दोघींच्या मध्ये बसून उन्हाळा यंदा जास्त आहे असं सांगायचो. थंडीतसुद्धा.

यंदा शाळेतून दुर्मिळाला विचारून यायला सांगितलं: तुझं नाव कोणी ठेवलं? वंदना पोळ्या लाटत म्हणाली, "तुझ्या आत्यानं. विसरून." पोरगी वहीत दाबून दाबून लिहायला लागली, 'माझी आत्या विसरली'. ते मला बघवेना.

"खोड ते," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. टांगलेल्या वाटीसकट.

वंदना दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला आणि पोरीला घेऊन खटकचिंचोळीच्या बसमध्ये बसली. अक्काच्या दारात मी पाय धरायला वाकलो, आणि सांगायला सुरुवात केली तर तिने हातानेच थांबवलं.

"मला वाट्या बघून तवाच कळलं होतं. तीन आठवडे आधी वाट्या सांगणारा माणूस मधीच नाव बदलंल व्हय?"

"मग बोललीस कामून न्हाई?"

"तू कवा बोलतोस ते बघायलते."

वंदना तिच्या गळ्यात पडून रडली. मग दोघी चहा ठेवायला आत गेल्या आणि बराच वेळ आतून हसण्याचे आवाज येत राहिले. मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता.

आता त्या दोघी घरातली कुठलीही गोष्ट मला आधी खोटी सांगतात, आणि ती बाहेर कुठे उगवते ते बघत बसतात. गेल्या महिन्यात अक्का म्हैस विकणार असल्याचं माझ्या कानावर आलं. मी कुणाशी एक शब्द बोललो नाही, शपथेवर सांगतो. गोदामाच्या सूचनाफळ्यावर फक्त लिहिलं. दुसऱ्या सकाळी अक्काच्या दारात चार गिऱ्हाइकं उभी होती, आणि म्हैस विकायची नव्हतीच.