फंडवाल्या काकांचा वारस

माणसाचा खरा जन्म नोकरीत कायम झाल्याच्या तारखेला होतो, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला. आमच्या खालच्या क्वार्टरमधले ते काका पोलाद प्लांटच्या भविष्य निर्वाह निधीच्या कचेरीत क्लार्क होते. सगळा ब्लॉक त्यांना फंडवाले काका म्हणे. भंडाऱ्याकडचे, काटकुळे, खिशात दोन पेनं आणि पिशवीत शाईचा पॅड, कारण निम्मे कामगार अंगठा उठवणारे. कोणी भेटलं तर ते प्रकृती विचारत नसत. ‘‘परमनंट का ठेकेदारीत?’’ हा पहिला प्रश्न, आणि ‘‘फॉर्म भरला का?’’ हा दुसरा. त्यांच्या लेखी जगात दोनच जाती होत्या, पात्र आणि अपात्र.

लग्नाला ते आहेर नेत नसत, फॉर्म नेत. अक्षता पडल्या की थेट नवरदेवाजवळ. ‘‘तुझं जुनं नॉमिनेशन आत्ताच रद्द झालं. भावाचं नाव आता चालत नाही, बायकोचं लिही. इथं सही कर.’’ एकदा नवरीचा मामा चिडला. ‘‘तुमी आशीर्वाद द्याले आले का पोराच्या मरणाची तयारी कराले?’’ काका शांतपणे म्हणाले, ‘‘दोन्ही.’’

जवळच्याच हथखोजच्या एका लहान कारखान्याच्या मालकाने सांगितलं होतं, आमच्याकडे उन्नीसच आदमी आहेत. वीस असले की फंड लागू होतो, म्हणून हे उन्नीस. काका रजा टाकून सायकलने तिथे गेले आणि जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी उभं राहून डबे मोजले. सव्वीस भरले. मालकाला म्हणाले, ‘‘सेठजी, बाकी सात डब्बे क्या भूत खाते हैं?’’ त्या कामगारांना फंड मिळायला पुढे दोन वर्षं लागली. तोवर त्यातला एक भट्टीवर भाजून गेला. त्याचं नाव काका कधी विसरले नाहीत.

माझे वडील प्लांटमध्ये खलाशी, म्हणजे अवजड सामान चढवणारे-उतरवणारे मजूर होते. कुटुंब पेन्शनची नवी योजना निघाली तेव्हा त्यांनी साफ नाही म्हटलं. ‘‘माह्याच फंडातून काढून राहिले, अन् मी जगलो तर मले काय?’’

‘‘तू जगला तर तोटा,’’ काका दारातूनच म्हणाले, ‘‘मेला तर वहिनीले फायदा. मुदत शनिवारपर्यंत आहे. तोपर्यंत सांग, काय करतं ते.’’

वडिलांनी शिव्या देत अंगठा उठवला. तीन वर्षांनी ते गेले. आईच्या त्या पेन्शनवर मी शिकलो. आमच्या घराण्यात त्याआधी कोणी कॉलेजचं फाटक पाहिलं नव्हतं.

दुसऱ्यांना पात्र करणाऱ्या या माणसाच्या घरी मात्र एक अपात्र माणूस होतं. त्यांची विधवा बहीण. आम्ही तिला आत्या म्हणायचो. ना मूल, ना सासरचा आधार. काकांच्या मागे तिचं काय, ही एकच काळजी त्यांना पोखरत असे. पेन्शनच्या नियमात कुटुंब म्हणजे बायको आणि मुलं, बहीण नाही. काका दरवर्षी वर अर्ज पाठवत, दरवर्षी ‘बसत नाही’ असं उत्तर येई, आणि ते फायलीला लावताना काका म्हणत, ‘‘बरोबर आहे त्याईचं. नियमच तसा आहे.’’ मग उरला फंड. तो एकट्या माणसाला बहिणीच्या नावे करता येतो. म्हणून काका नियमाला चालेल तेवढी जास्तीची वर्गणी पगारातून कापून घेत आणि उरलेल्यात दोघं वरण-भात खात. आईने एकदा म्हटलं, ‘‘भाऊजी, लग्न कावून नाही करत तुमी?’’

‘‘कसं करू वहिनी? बायको आली की फंडातून बहिणीचं नाव बाद होते.’’

आईला वाटलं, थट्टा करतात. पण ती थट्टा नव्हती. दोन स्थळं त्यांनी याच कारणाने परत पाठवली होती.

काकांच्या निवृत्तीला आठ महिने उरले असताना आत्या गेली. सकाळी नळाशी बसली, ती उठलीच नाही. तेरावं झाल्यावर काकांनी मला खाली बोलावलं. मी तेव्हा सिव्हिक सेंटरमधल्या एका कचेरीत नुकताच लागलो होतो. त्यांनी वारस बदलायचा कोरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

‘‘तू भर. माह्या हातानं होऊन नाही राहिलं.’’

त्यांचं नाव लिहिलं, टोकन नंबर लिहिला, रुजू झाल्याची तारीख त्यांनी न अडखळता सांगितली. मग वारसाचं नाव आणि त्याच्याशी नातं हे रकाने आले. मी पेन धरून थांबलो. काका स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. तिथला स्टोव्ह पुसून, पालथ्या घातलेल्या भांड्यांजवळ ठेवलेला होता.

‘‘राहू दे ते,’’ अखेर ते म्हणाले. ‘‘वर तुझ्या आईनं चहा मांडला असन, तर माह्यासाठी अर्धा कप टाक म्हणावं.’’

मी जिन्यातूनच हाक मारली, आणि आईला पूर्ण कप सांगितला.